रूट केलेल्या फोनात कंपनीची अ‍ॅप्स काढून आपली बसवणं: मॅजिस्क, बीसीआर, हेलीबोर्ड वगैरेंचा वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. मॅजिस्क (फोन रूट करणारं, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा देणारं साधन) वापरून फोनमधली कंपनीची अ‍ॅप्स बाजूला करणं आणि त्यांच्या जागी आपल्या पसंतीची बसवणं हे आज जितकं सुरक्षित झालंय तितकं आधी कधीच नव्हतं, आणि ज्याच्याकडे दुसरा फोन आहे, हाताशी कॉम्प्युटर आहे आणि एखादा रविवार मोकळा आहे त्याने हे जरूर करावं. पण एकच फोन असेल आणि बँक, यूपीआय, गॅस बुकिंग सगळं त्यातच असेल तर रूटच्या नादाला लागू नका, तुमच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय. आणि एक गोष्ट दोघांनाही लागू आहे, ती मी खाली परत परत सांगणार आहे. सिस्टिमचं अ‍ॅप काढणं दोन मिनिटांचं काम असतं, अवघड असतं ते त्याची जागा भरणं. ते अ‍ॅप गुपचूप कोणकोणती कामं करत होतं हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

माझं सांगलीत पाईप फिटिंगचं दुकान आहे, निम्म्या ऑर्डरी फोनवर येतात. दुकानाचा फोन एका मोठ्या कंपनीचा, मिड रेंजमधला, हार्डवेअर एकदम झकास, बॅटरी दोन दिवस जाते, पण आतलं सॉफ्टवेअर म्हणजे डोक्याला ताप. फाईल मॅनेजर उघडला की जाहिरात, लॉक स्क्रीनवर रोज नवीन वॉलपेपरच्या नावाखाली जाहिरात, कंपनीचा स्वतःचा अ‍ॅप स्टोअर न विचारता गेम सुचवणार, आणि कंपनीचा ब्राउझर तर दर अपडेटनंतर परत डिफॉल्ट व्हायला बघणार. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत हे सगळं सहन का करायचं, एवढा एकच प्रश्न होता माझा. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवर बोट दाबून धरलं तर अनइन्स्टॉलचं बटणच नाही, फार तर 'अपडेट्स अनइन्स्टॉल करा' असं येतं, म्हणजे मूळचं अ‍ॅप तसंच, फक्त जुनं होऊन बसणार.

हे असं का होतं ते थोडक्यात. आपण प्ले स्टोअरवरून घेतलेली अ‍ॅप्स डेटा पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे फोनच्या स्टोरेजचा वेगळा कप्पा) बसतात, कंपनीची अ‍ॅप्स सिस्टिम, प्रॉडक्ट, सिस्टिम एक्स्ट अशा पार्टिशन्समध्ये असतात आणि ती पार्टिशन्स फक्त वाचण्यासाठी असतात, त्यात लिहिता येत नाही. पूर्वी रूट मिळालं की ते पार्टिशन लिहिण्यासाठी उघडायचं आणि एपीके, म्हणजे अ‍ॅपची मूळ फाईल, सरळ उडवायची, टायटॅनियम बॅकअप या जुन्या अ‍ॅपमध्ये तर एका बटणावर अ‍ॅप फ्रीझ व्हायचं किंवा साधं अ‍ॅप सिस्टिम अ‍ॅप बनायचं. ते दिवस गेले. अँड्रॉइड १० पासून नवीन फोनांना डायनॅमिक पार्टिशन्स आली, त्यावर व्हेरिफाइड बूटची, म्हणजे चालू होताना सिस्टिम बदललेली नाही ना याची, पडताळणी आहे, आणि बऱ्याच फोनांत ती फाईलसिस्टिमच अशी बनवलेली असते की रूट असलं तरी लिहिता येतच नाही. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून 'रूट एक्सप्लोररने फोल्डर डिलीट करा' वगैरे करायला जाऊ नका, एक तर होणार नाही, आणि झालंच तर फोन उठणार नाही.

मॅजिस्कने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. जॉन वू या तैवानच्या मुलाने २०१६ मध्ये हे बाहेर आणलं, तेव्हा तो विद्यार्थी होता. याची कल्पना मला फार आवडते: सिस्टिमला हातच लावायचा नाही. फक्त बूट इमेज, म्हणजे फोन चालू होताना सुरुवातीला लागणारी फाईल, पॅच करायची, आणि फोन चालू होताना खऱ्या फोल्डरवर आपलं फोल्डर चढवायचं, भिंतीवर फळा लावला की मागची भिंत दिसत नाही पण असते जागेवर तसंच. अँड्रॉइडला वाटतं की ते अ‍ॅप नाहीच, किंवा त्याच्या जागी दुसरं आहे. मॉड्यूल, म्हणजे मॅजिस्कला जोडलेलं हे बदलांचं पुडकं, बंद करून रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. या एका गुणासाठी मी मॅजिस्कला पूर्ण मार्क देतो, कारण फोनशी खेळताना परतीचा रस्ता असणं हीच खरी सोय. पैसे लागत नाहीत, सोर्स कोड खुला आहे. फक्त डाउनलोड गिटहबवरूनच करा, मॅजिस्कची वेगळी अधिकृत वेबसाइट नाही, आणि गूगलवर त्या नावाच्या ज्या चकचकीत साइट्स दिसतात त्या सगळ्या दुसऱ्यांच्या आहेत.

यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणारा सुरुवातीचा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. पिक्सेलचं सोपं, मोटोरोलाच्या साइटवरून कोड मागवावा लागतो, शाओमीत आठवडाभर थांबावं लागायचं आणि आता त्याहून जास्त अटी आल्यात, सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज एकदा उडाला की तो कायमचा. सगळीकडे समान गोष्ट एक, बूटलोडर अनलॉक केला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि बऱ्याच फोनांत व्हिडिओची कॉपी रोखणारं वाइडवाइन एल१ वरून एल३ वर येतं, म्हणजे ओटीटीवर एचडी जातं. ज्याला फोनवर सिनेमे बघायचेत त्याने हा हिशोब आधीच करावा. आणि जे फोन अँड्रॉइड १३ सोबतच बाजारात आले त्यांत बूट नाही तर इनिट-बूट इमेज पॅच करायची असते, इथे पुष्कळ जण गोंधळतात. मूळ इमेजची एक कॉपी कॉम्प्युटरवर ठेवा, ती फार उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष काढायचं कसं. कंपनीच्या ब्राउझरचं उदाहरण घेतो. आधी एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) शेलमध्ये पीएम पाथ ही कमांड पॅकेजच्या नावासोबत द्यायची, ती सांगते की एपीके नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहे. मग आपल्या मॉड्यूलमध्ये तोच रस्ता हुबेहूब बनवायचा, आणि शेवटच्या फोल्डरमध्ये डॉट रिप्लेस नावाची एक रिकामी फाईल ठेवायची. बास, त्या रिकाम्या फाईलचा अर्थ मॅजिस्कला एवढाच कळतो की मूळ फोल्डर झाकून टाक. मॉड्यूलसाठी एक छोटी मॉड्यूल डॉट प्रॉप फाईल लागते, त्यात आयडी, नाव, व्हर्जन, कोणी बनवलं, कशासाठी, एवढंच. रीस्टार्ट केलं आणि ब्राउझर गायब, अ‍ॅप्सच्या यादीत नाही, सेटिंगमध्ये नाही, बॅकग्राउंडला नाही. हाताने करायचं जिवावर येत असेल तर डी-ब्लोटर नावाचं खुलं अ‍ॅप आहे, ते यादीतून निवडलं की असंच मॉड्यूल आपोआप बनवून देतं, चांगलं आहे, मी नवशिक्याला तेच सुचवतो. पण एकदा तरी हाताने करून बघा, म्हणजे फोनमध्ये काय चाललंय ते डोक्यात बसतं.

यातून जागा वाढते असा एक समज आहे, तो काढून टाका. सिस्टिम पार्टिशन जेवढं आहे तेवढंच राहतं, मागची एपीके तिथेच पडून असते, तिच्यासाठी राखलेली जागा तुमच्या फोटोंना मिळत नाही. त्या अ‍ॅपने डेटामध्ये जे साठवलं होतं, आणि त्याच्या अपडेट्सनी जी जागा खाल्ली होती, तेवढी मात्र सुटते. खरा फायदा रॅमचा, नोटिफिकेशनचा, आणि मनःशांतीचा.

आता 'बदलणं' या खऱ्या विषयाकडे येतो, आणि पहिला मान डायलरचा, कारण माझा धंदाच त्यावर आहे. अलीकडे पुष्कळ कंपन्यांच्या फोनांत गूगलचाच डायलर येतो, त्यात कॉल रेकॉर्ड सुरू केला की बाई मोठ्याने जाहीर करते. मला लपवून काही करायचं नाहीये, मी गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतो की ऑर्डर रेकॉर्ड होते, पण प्रत्येक कॉलला बटण दाबा, मग ती घोषणा, मग समोरचा बिचकणार, असं करून धंदा होत नाही. प्ले स्टोअरवरची रेकॉर्डिंगची अ‍ॅप्स अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आडवाटेने चालायची, गूगलने ते मे २०२२ पासून बंद केलं. राहिला रस्ता एकच. कॉलचा आवाज दोन्ही बाजूंनी पकडायची परवानगी अँड्रॉइड फक्त प्रिव्हिलेज्ड सिस्टिम अ‍ॅपला देतं, म्हणजे जे प्रिव्ह-अ‍ॅप फोल्डरमध्ये बसलंय आणि ज्याचं नाव परवानग्यांच्या यादीत लिहिलंय त्यालाच.

बीसीआर, म्हणजे बेसिक कॉल रेकॉर्डर, नेमकं हेच करतं. मॅजिस्कमध्ये झिप फाईल फ्लॅश केली, म्हणजे बसवली, रीस्टार्ट, अ‍ॅप उघडून रेकॉर्डिंगचं बटण चालू, फोल्डर निवडलं, झालं. अँड्रॉइड ९ आणि त्यापुढे चालतं. इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांचे आवाज कुठल्या सर्व्हरवर जाण्याचा प्रश्नच नाही. फाईल ओजीजी ओपसमध्ये बनते, आकाराने बारकी, आवाज स्वच्छ, फाईलच्या नावात तारीख, वेळ, नंबर, कॉन्टॅक्टचं नाव आपल्याला हवं तसं लावता येतं, आणि कुठल्या नंबरांचे कॉल रेकॉर्ड करायचे कुठल्यांचे नाही याचे नियम करता येतात. घरचे नंबर मी त्यातून वगळलेत. परवा एका बांधकामवाल्याने सव्वा इंची एल्बो मागितले होते का दीड इंची यावर वाद झाला असता, रेकॉर्डिंग लावलं, ऐकलं, विषय संपला. हे अ‍ॅप कुठल्याही डायलरसोबत चालतं, व्हॉट्सअ‍ॅप कॉल मात्र यात येत नाहीत. पाचपैकी पाच, आणि मी असे मार्क सहसा देत नाही.

डायलर म्हणून मी फॉसिफाय फोन लावलाय. साधा, हलका, दोन सिमांची निवड नीट विचारतो, नंबर ब्लॉक करता येतात, जाहिरात नाही. स्पॅम ओळखणं नाही, ते ज्याला लागतं त्याची पंचाईत होईल. फॉसिफायची गोष्टही सांगण्यासारखी आहे: सिम्पल मोबाइल टूल्स नावाची अ‍ॅप्स पुष्कळ जण वापरायचे, २०२३ च्या शेवटी ती एका कंपनीला विकली गेली, तेव्हा त्याच कोडवरून काही जणांनी फॉसिफाय सुरू केलं आणि वापरणारे तिकडे गेले. खुल्या सोर्सचा हा फायदा, मालक बदलला तरी आपलं अ‍ॅप आपल्याकडे राहतं.

पण, आणि हे जरा थांबून वाचा, फोनचा मूळ डायलर मी काढलेला नाही आणि तुम्हीही काढू नका. अँड्रॉइडचा नियम असा आहे की तुम्ही दुसरा कुठलाही डायलर डिफॉल्ट केलात तरी इमर्जन्सी कॉल लागताना स्क्रीन फोनसोबत आलेल्या मूळ डायलरचीच येते, आणि तुमचा डायलर कॉलच्या वेळी क्रॅश झाला किंवा जोडलाच गेला नाही तर सिस्टिम त्याच मूळ डायलरकडे वळते. म्हणजे तो पडद्यामागे राखणदार म्हणून बसलेला असतो. अर्ध्या रात्री ११२ लावायची वेळ आली आणि तो जागेवर नसेल तर काय, हा प्रयोग करून बघण्याचा विषय नाही. त्याची डिफॉल्टची जागा काढून घ्या, नोटिफिकेशन बंद करा, होम स्क्रीनवरून हलवा, पण राहू द्या. दुसरं असं की कॉम डॉट अँड्रॉइड डॉट फोन हे पॅकेज म्हणजे डायलर नव्हे, ती फोनची टेलिफोनीची सेवा आहे, सिम, नेटवर्क, कॉल सगळं त्यावर उभं असतं. डायलर समजून कोणी ते झाकलं तर फोन फक्त वायफायवर चालणारी पाटी उरतो.

मेसेज आणि गॅलरीबद्दल थोडक्यात. फॉसिफाय मेसेजेस एसएमएससाठी उत्तम, आरसीएस (इंटरनेटवरून जाणारे मेसेज) नाही, ज्याला ते हवंय त्याने गूगलचंच ठेवावं. फॉसिफाय गॅलरी मात्र खरंच सुंदर आहे, कंपनीची गॅलरी मी बिनधास्त झाकली कारण तिच्यावर दुसरं काही अवलंबून नव्हतं. चेहरा ओळखून फोटो शोधणं वगैरे यात नाही.

कीबोर्डमध्ये हेलीबोर्ड. यालाही इंटरनेटची परवानगी नाही, आणि कीबोर्ड म्हणजे आपण टाइप करतो ते प्रत्येक अक्षर बघणारी गोष्ट, पासवर्डसकट, त्यामुळे मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मराठी लेआउट आहे, शब्दकोश वेगळा डाउनलोड करून जोडावा लागतो, एकदा जोडला की सुचवण्या ठीकठाक येतात. पण आपल्यातले निम्मे लोक इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी मिळवतात, ती सोय यात नाही. त्यांच्यासाठी इंडिक कीबोर्ड आहे, स्वतंत्र मलयालम कम्प्युटिंगच्या लोकांनी पुढे आणलेला, त्यात लिप्यंतर आहे, फक्त दिसायला जुना वाटतो. मी स्वतः देवनागरी लेआउटवर हात बसवला, सुरुवातीला सावकाश चाललं, आता बोटं आपोआप जातात आणि जोडाक्षरं जशी हवी तशीच पडतात, ऑटोकरेक्टशी भांडावं लागत नाही.

कीबोर्डच्या बाबतीतही जागा भरण्याचा मुद्दा आहेच. फोन रीस्टार्ट झाला की पहिलं लॉक उघडेपर्यंत डेटा एन्क्रिप्टेड असतो आणि त्या वेळेत फक्त डायरेक्ट बूट समजणारी अ‍ॅप्स चालतात. तुम्ही पिन वापरत असाल तर आकड्यांचं पॅड सिस्टिमचं स्वतःचं असतं, प्रश्न नाही. पण अक्षरांचा पासवर्ड असेल आणि तुम्ही बसवलेला कीबोर्ड डायरेक्ट बूटवाला नसेल, आणि मूळचा कीबोर्ड तुम्ही झाकून ठेवला असेल, तर पासवर्ड टाइप करायला पडद्यावर कीबोर्डच येणार नाही. हेलीबोर्ड तिथे चालतो, सगळे चालत नाहीत. म्हणून जुना झाकायच्या आधी नवा लावून एकदा रीस्टार्ट करा आणि लॉक स्क्रीनवर तो येतो का ते डोळ्यांनी बघा.

कॅमेऱ्याचं प्रकरण वेगळं. अँड्रॉइड ११ पासून दुसऱ्या अ‍ॅपने 'फोटो काढून दे' असं म्हटलं की ती विनंती फक्त फोनसोबत आलेल्या कॅमेऱ्याकडेच जाते, तुम्ही बसवलेला ओपन कॅमेरा तिथे विचारातच घेतला जात नाही. आता ओपन कॅमेरा जर सिस्टिम अ‍ॅप बनवला, म्हणजे मॉड्यूलमधून सिस्टिमच्या अ‍ॅप फोल्डरमध्ये चढवला, तर त्याचीही गणना आत होते आणि निवड परत आपल्या हातात येते. अ‍ॅप सिस्टिमायझर नावाचं मॉड्यूल हेच काम टर्मिनलमधून करून देतं. मी दुकानात मालाचे फोटो बिलाच्या अ‍ॅपमध्ये घालतो, तिथे मला लोकेशन न चिकटवणारा, लगेच उघडणारा कॅमेरा हवा होता, तो मिळाला. मूळ कॅमेरा मात्र ठेवलाच आहे, कारण नाइट मोड, अल्ट्रावाइड, हे सगळं कंपनीच्या आतल्या लायब्रऱ्यांशी बांधलेलं असतं आणि बऱ्याच फोनांत बाहेरच्या अ‍ॅपला सगळ्या लेन्स दिसतच नाहीत.

सिस्टिमाइझ करताना एक धोका नीट समजून घ्या. अँड्रॉइड ८ पासून प्रिव्ह-अ‍ॅपमध्ये बसवलेल्या अ‍ॅपच्या खास परवानग्या एका एक्सएमएल यादीत आधी लिहिलेल्या असाव्या लागतात, अँड्रॉइड ९ पासून तर त्या नसतील तर फोन बूटच होत नाही, लोगोवर फिरत राहतो. बीसीआरने ही यादी स्वतःसोबत आणलेली असते म्हणून ते बिनघोर बसतं, पण कुठलंही अ‍ॅप उचलून प्रिव्ह-अ‍ॅपमध्ये टाकायचं नाही. साध्या अ‍ॅपला साधं सिस्टिम अ‍ॅप फोल्डर पुरतं. आणि सिस्टिम अ‍ॅप झालं म्हणून ते जास्त वेगाने चालत नाही, हाही एक पसरलेला गैरसमज.

लाँचरने, म्हणजे होम स्क्रीन दाखवणाऱ्या अ‍ॅपने, मात्र माझी निराशा केली. लॉनचेअर दिसायला देखणा आहे, पण अँड्रॉइड ९ पासून रिसेंट अ‍ॅप्सची स्क्रीन लाँचरशीच जोडलेली आहे, त्यामुळे बाहेरचा लाँचर लावला की जेश्चर आणि अ‍ॅनिमेशन अडखळतं. क्विकस्विच नावाचं मॉड्यूल ही जोडणी लॉनचेअरकडे वळवतं, पण लॉनचेअरचं व्हर्जन आणि अँड्रॉइडचं व्हर्जन जुळलं पाहिजे, आणि कंपनीच्या जड स्किनवर ते बहुतेकदा चालतच नाही. माझ्या फोनवर मी मूळ लाँचरच ठेवला, त्यातल्या सुचवण्या बंद केल्या. पिक्सेलवाल्यांनी किंवा लिनिएज ही वेगळी अँड्रॉइड सिस्टिम टाकलेल्यांनी करून बघायला हरकत नाही. वेबव्ह्यू बदलायलाही जाऊ नका असं मी म्हणेन, निम्म्या अ‍ॅप्सची आतली पानं त्यावर उघडतात आणि कुठला वेबव्ह्यू चालेल याची यादी सिस्टिमच्या आत ठरलेली असते.

ज्यांना अजिबात हात लावायचा नाही त्यात सिस्टिम यूआय, पॅकेज इन्स्टॉलर, परवानग्या सांभाळणारं पर्मिशन कंट्रोलर, कॉन्टॅक्ट स्टोरेज, मीडिया स्टोरेज, डाउनलोड मॅनेजर, आणि फाईल निवडायची जी खिडकी येते ते डॉक्युमेंट्सवालं. शेवटचं फार जण उडवतात कारण ते फाईल मॅनेजरसारखं दिसतं, मग कुठल्याच अ‍ॅपमध्ये फाईल जोडता येत नाही. काही कंपन्यांनी तर 'फोन शोधा'वालं किंवा सिक्युरिटीवालं पॅकेज अशा रीतीने बांधलंय की ते नसलं की फोन उठत नाही. शंका आली तर युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटरच्या नवीन पिढीची यादी बघा, त्यात प्रत्येक पॅकेजपुढे रेकमेंडेड, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्सपर्ट, अनसेफ असे शेरे आहेत आणि खाली कारणं. रेकमेंडेडच्या पुढे जायची गरज सहसा पडत नाही.

तरी फोन लोगोवर अडकलाच तर घाबरायचं नाही, इथेच मॅजिस्कचा मोठेपणा दिसतो. फोन अँड्रॉइडच्या सेफ मोडमध्ये चालू केला की मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करतं, पुढचा रीस्टार्ट साधा. सेफ मोड जमत नसेल आणि यूएसबी डीबगिंग आधीच त्या कॉम्प्युटरसाठी मंजूर केलेलं असेल तर एडीबीवरून मॅजिस्कची रिमूव्ह मॉड्यूल्स कमांड आहे. आणि तेही नाही तर ती जपून ठेवलेली मूळ बूट इमेज फास्टबूटने, म्हणजे कॉम्प्युटरवरून बूटलोडरला कमांड देऊन, परत टाकायची. एका वेळी एकच अ‍ॅप झाका, रीस्टार्ट करा, मग पुढचं, म्हणजे कोणामुळे अडलं ते शोधत बसावं लागत नाही.

बँकांचं सांगायलाच हवं. जॉन वू २०२१ मध्ये गूगलमध्ये गेला आणि त्यानंतर जानेवारी २०२२ च्या व्हर्जन २४ मध्ये रूट लपवणारं मॅजिस्क हाइड काढून टाकलं गेलं, अ‍ॅप्सच्या आत शिरणारं झायगिस्क आणि निवडलेल्या अ‍ॅप्सपासून मॅजिस्क दूर ठेवणारी डिनायलिस्ट आली. दुसरीकडे फोनशी छेडछाड झालीय का हे तपासणारी सेफ्टीनेट गूगलने बंद करून तिच्या जागी प्ले इंटिग्रिटी आणली आणि ती दरवर्षी कडक होतेय. त्याला चकवणारी मॉड्यूल्स निघतात, महिना दोन महिने चालतात, परत बंद पडतात. माझ्या बँकेचं अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर उघडल्या उघडल्या बंद होतं. मी त्या पाठशिवणीत पडत नाही. पैशाचे व्यवहार दुसऱ्या, रूट न केलेल्या फोनवर, दुकानाचा फोन वेगळा. पैशाच्या बाबतीत बँक सावध असेल तर मला ते चुकीचं वाटत नाही, चुकीचं हे वाटतं की नको असलेलं अ‍ॅप काढायला मला बूटलोडर उघडावा लागतो.

आणि हे फक्त माझं मत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला तेव्हा दिलेल्या निर्देशांत हेही होतं की गूगलने आधीपासून बसवलेली आपली अ‍ॅप्स लोकांना काढण्यापासून अडवू नये. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला पण काही निर्देश रद्द केले, त्यात नेमका हाही गेला. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं. दंड सरकारकडे जातो, बटण आपल्याला मिळालं असतं. आणि तो आदेश गूगलच्या अ‍ॅप्सपुरताच होता, फोन बनवणाऱ्यांच्या जाहिरातवाल्या अ‍ॅप्सना कोण विचारणार हा प्रश्न तसाच आहे.

आता ज्यांनी रूट करू नये असं मी वर म्हटलं त्यांच्यासाठी. शिझुकू (रूटशिवाय दुसऱ्या अ‍ॅपला एडीबीचे हक्क देणारं) आणि कँटा (नको ती अ‍ॅप्स काढणारं) ही दोन अ‍ॅप्स घ्या. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, त्यामुळे कॉम्प्युटरही लागत नाही, डेव्हलपर ऑप्शनमधून ते चालू करून शिझुकूला जोडायचं, मग कँटामध्ये यादी दिसते, तीच डीब्लोटरवाली शेऱ्यांची यादी, टिक करा आणि काढा. यात अ‍ॅप खरं जात नाही, फक्त तुमच्या युजरपुरतं अनइन्स्टॉल होतं, आणि चुकलं तर कँटामधूनच परत आणता येतं. बूटलोडर बंदच, डेटा जागेवर, बँकेचं अ‍ॅप खुश. सिस्टिम अ‍ॅप बसवता येत नाही, म्हणजे बीसीआर नाही, ओपन कॅमेऱ्याची ती युक्ती नाही, पण जाहिरातींचा त्रास नव्वद टक्के माणसांचा इथेच संपतो. मोठ्या अपडेटनंतर काही अ‍ॅप्स परत उगवतात, तेव्हा पुन्हा एकदा करावं लागतं.

आईच्या फोनवर मी हेच केलं. कंपनीचा ब्राउझर, अ‍ॅप स्टोअर, गेम सेंटर, लॉक स्क्रीनवरच्या जाहिरातीवालं, थीम स्टोअर, एवढं काढलं, फॉसिफाय गॅलरी लावली, अक्षरं मोठी केली. ती आता फोन उघडल्यावर न विचारता आलेल्या गोष्टींवर बोट पडून भलतीकडे जात नाही. तिच्या फोनला रूट केलं नाही आणि करणारही नाही, तिची पेन्शन ज्या बँकेत येते तिचं अ‍ॅप त्याच फोनवर आहे. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन बंद करायला विसरू नका, काही बँकांची अ‍ॅप्स ते नुसतं चालू दिसलं तरी उघडत नाहीत.